तक्त्यात राहिलेला दहावा रकाना

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या संचालिका, सन्माननीय मॅडम; व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले आणि मी उभा राहिल्यापासून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत असलेले आपले ज्येष्ठ शल्यचिकित्सक; आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या ताई; पहिल्या रांगेत अंग चोरून बसलेले त्यांचे यजमान, ज्यांना आपण मास्तर म्हणतो; रक्तवाहिनी तपासणी विभागातले माझे सहकारी; वॉर्डातल्या सिस्टर आणि मामा-मावश्या; आणि खास या कार्यक्रमासाठी आलेले, आमच्या टेबलावर कधी ना कधी ओरडून गेलेले जुने रुग्ण, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. आता ज्यांनी ताईंच्या हाताखाली दहा मिनिटं काढली आहेत, त्यांना माहीत आहे की ती किती लांब असतात. तिसऱ्या रांगेतले ते निवृत्त पोस्टमन काका आत्ताच हसले. काका, तुमच्या चार फेऱ्या झाल्या होत्या, बरोबर ना? मग मीही संचालिका मॅडमना आधीच सांगून ठेवतो, एका फेरीत थांबलं तर थांबलं, नाहीतर दुसरी फेरी घ्यावी लागेल.

सभागृहात पुष्कळ जण आमच्या खात्याबाहेरचे आहेत. त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. हृदयाची तपासणी करायची असली की जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत घालतात. काम झालं की नळी काढतात आणि धमनीला पडलेलं छिद्र आपोआप बुजतं. बहुतेकदा बुजतं. कधीकधी बुजत नाही. मग धमनीतलं रक्त त्या छिद्रातून बाहेर येतं, शेजारच्या मांसात जागा करून घेतं आणि तिथे गरगर फिरत बसतं. बाहेरून गाठ दिसते, हात ठेवला तर नाडीसारखी उडते. आम्ही त्याला आपसात नुसतं 'फुगा' म्हणतो. हा फुगा फुटला तर जिवावर बेततं, म्हणून तो बंद करावा लागतो.

बंद करायच्या पद्धती तीन. पहिली, कापून शिवायचं. ती आमच्या शल्यचिकित्सक सरांची आवडती. दुसरी, सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा प्रोब फुग्याच्या मानेवर, म्हणजे त्या छिद्राच्या तोंडावर, नेमका ठेवून दाबायचं. इतकं दाबायचं की फुग्यात रक्त जाणं थांबेल, आणि इतकंच दाबायचं की पायाला जाणारं रक्त थांबणार नाही. दहा मिनिटं तसूभर न हलता. मग हात उचलून बघायचं, अजून वाहत असेल तर पुन्हा दहा मिनिटं. तिसरी पद्धत, बारीक सुईने फुग्यात रक्त गोठवणारं औषध सोडायचं. काही सेकंदांत काम होतं. मात्र औषध चुकून धमनीत उतरलं तर पायाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, म्हणून सुई धरणारा माणूस जागा असावा लागतो.

ताईंनी सव्वीस वर्षांतली एकवीस वर्षं यातली दुसरी पद्धत केली. त्यांचं टेबल आपण पाहिलंय. खोलीत खिडकी नाही, भिंतीवर एक मोठं पांढरं घड्याळ, त्याचा सेकंदकाटा टकटक न करता सरकणारा, तो ताईंनी मुद्दाम मागून घेतलेला. रुग्ण आडवा झाला की त्या प्रोबवर जेल घेतात, तो आधी स्वतःच्या मनगटाला लावून गार आहे का बघतात आणि मग म्हणतात, "आता दुखेल. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही फक्त घड्याळाकडे बघा, बाकी मी बघते." या एका वाक्यावर किती लोकांनी आपला पाय त्यांच्या हवाली केला असेल, याची मोजदाद नाही.

एकवीस वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा मला या वाक्याचा राग यायचा. मी नवा, शिकून आलेला, आणि रुग्ण मला सोडून घड्याळाकडे बघणार! मी एकदा ताईंना म्हणालो, "ताई, रुग्णाला आपण प्रक्रिया समजावून सांगायला हवी." त्या म्हणाल्या, "सांगा की सर. मी दाबते, तुम्ही सांगा." मी सांगायला लागलो. रुग्ण होते एक निवृत्त हेडमास्तर. चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही जरा गप्प बसता का? मला घड्याळ बघू द्या."

सरांना फार हसू येतंय. हसा. पुढे तुमचाही नंबर आहे.

अकरा वर्षांपूर्वी एक गोष्ट झाली. शेजारच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने इंजेक्शनची पद्धत सुरू केली आणि आमच्याकडेही ती आणावी अशी चर्चा निघाली. खरेदी समितीची बैठक बसली. मी त्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, थांबा, आधी तुलना करून बघू. मला आकड्यांचं वेड आहे हे आपण जाणता. माझी बायको म्हणते, तुम्ही पोळ्यासुद्धा टक्क्यांत खाता.

मी आमच्या नोंदवह्या काढल्या. एकशे बारा रुग्ण दाबून बरे करण्याचा प्रयत्न झालेला. त्यातले एकशे चार बरे. म्हणजे त्र्याण्णव टक्के. त्या मोठ्या रुग्णालयाचं इंजेक्शनचं यश सत्त्याण्णव टक्के. मी एक तक्ता केला, नऊ रकान्यांचा. वय, फुग्याचा आकार, मानेची लांबी, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की नाही, किती मिनिटं लागली, यश आलं का, रुग्णाला किती दुखलं, फुगा पुन्हा झाला का आणि घरी कधी सोडलं. नऊ रकाने, सगळे भरलेले. जगभरात दाबण्याचं यश याहून कमीच येतं, पण आमचं एवढं चांगलं कसं, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. मला वाटलं, आमची लॅबच भारी.

मी निबंध लिहिला. निष्कर्ष असा काढला की दोन्ही पद्धतींत म्हणण्यासारखा फरक नाही, दाबण्यात औषध धमनीत जाण्याचा धोकाही नाही, सबब आमच्या लॅबमध्ये इंजेक्शनची गरज नाही. परिषदेत वाचला, टाळ्या मिळाल्या, छापूनही आला. शेवटी बारीक टाइपात एक ओळ होती, 'तांत्रिक साहाय्याबद्दल लॅबमधील कर्मचाऱ्यांचे आभार.' समितीने इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवला. पुढची सहा वर्षं आम्ही दाबत राहिलो. आम्ही म्हणजे कोण, ते सांगतोच.

मॅडम, पहिली फेरी संपत आली. अजून वाहतंय. दुसरी घेतो.

पाच वर्षांपूर्वी माझ्या छातीत दुखलं. तपासणी झाली, हृदय धडधाकट निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला गेलो तर जांघेत लिंबाएवढी गाठ. हात ठेवला, उडतेय! फुग्यांवर निबंध लिहिणाऱ्या माणसाला फुगा झाला होता. सर धावत आले. तपासलं आणि इतक्या आनंदाने म्हणाले, "चल, कापू या!" सर, तो आनंद मी विसरलेलो नाही.

मी म्हणालो, छे, ताई दाबतील.

ताई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, त्या मोठ्या दवाखान्यात जाऊन या ना. गाडीने दीड तास. सुई टोचली की मिनिटात होतंय म्हणे."

मी त्यांना काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ताई, आपला निबंध वाचला नाहीत वाटतं!"

"वाचला की. त्यातल्या टायपिंगच्या चुका मीच काढल्या होत्या." एवढं बोलून त्यांनी प्रोबवर जेल घेतलं, मनगटाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आता दुखेल. ओरडायचं तर ओरडा, दार लावलंय. घड्याळाकडे बघा."

मंडळी, तक्त्याचा सातवा रकाना, 'रुग्णाला किती दुखलं', तो मी एकशे बारा वेळा भरला होता. बहुतेक ठिकाणी 'मध्यम' लिहिलं होतं. त्या दिवशी मला कळलं की मध्यम म्हणजे काय. पहिल्या मिनिटाला डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिसऱ्या मिनिटाला मी आईला हाक मारली. सातव्या मिनिटाला मी ताईंना म्हणालो की घड्याळ बंद पडलंय. त्या म्हणाल्या, "चालू आहे, सर. सगळेच असं म्हणतात."

पहिली फेरी झाली, वाहतंय. दुसरी झाली, वाहतंय. तिसऱ्या फेरीत मला घड्याळाचा कंटाळा आला आणि एकवीस वर्षांत... चुकलो, तेव्हा सोळाच झाली होती... सोळा वर्षांत पहिल्यांदा, रुग्ण जिथून बघतो तिथून मी ताईंकडे बघितलं.

मी नेहमी पडद्याकडे बघत आलो होतो. पडद्यावर फुगा दिसतो, लाल-निळं फिरणारं रक्त दिसतं, तिथे ताईंचा हात दिसत नाही. त्या दिवशी दिसला. उजवा कोपर ताठ केलेला. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलेलं, जसं दुखणाऱ्या माणसाला दुसरा कुणी धरतो तसं. कपाळावरून घाम ओघळून भुवईवर थांबलेला, आणि तो पुसायला हात मोकळा नाही. ओठ आत दाबलेले. नजर पडद्यावरून हलत नव्हती.

दहा मिनिटं झाली. त्यांनी दाब काढला. आणि मग, हे मी फक्त एकदा सांगणार आहे, त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं प्रोबवरून एकेक करून सोडवली. आधी करंगळी, मग पुढची. अंगठा सगळ्यांत शेवटी. तो आपणहून उघडत नव्हता.

मी विचारलं, "ताई, हे कधीपासून?"

त्या म्हणाल्या, "काय कधीपासून? अजून थोडंसं वाहतंय, सर. उठू नका, पडून राहा. ही शेवटची."

मी म्हणालो, "राहू दे ताई. सरांना कापू दे."

"आता तीस मिनिटं झाल्यावर? काहीतरीच! घड्याळाकडे बघा."

चौथ्या फेरीत माझा फुगा बंद झाला. दुसऱ्या दिवशीची तपासणी उत्तम आली. तक्त्यात घालायचं तर, यश, चाळीस मिनिटं, दुखणं मध्यम.

मला पंधरा दिवस घरी बसवलं. त्या पंधरा दिवसांत मास्तर मला भेटायला आले. मास्तर, बोलू ना? मान हलवली त्यांनी. मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आपल्या मागच्या गल्लीत आहे, आपल्यापैकी निम्म्यांचे ॲप्रन तिथलेच. त्यांनी माझ्यासाठी एक पायजमा शिवून आणला होता. मापाशिवाय, नजरेने. कंबर ऐसपैस, जांघेत कुठे शिवण येणार नाही अशी बेतलेली. म्हणाले, "नाडी सैल बांधा, डॉक्टर." चहा घेतला. कपबशी खाली ठेवली आणि खाली बघतच म्हणाले, "एक विचारू? तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत. माणसाच्या आतलं वाहतं रक्त दिसतं म्हणे त्यात. मग आमच्या हिच्या हाताला काय झालंय, ते नाही का हो दिसत?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मास्तर म्हणाले, "लग्न झाल्यापासून दर रविवारी दुकानातली काजं ती करायची. मशीनने केलेलं काज मला पटत नाही आणि तिच्यासारखं हाताने कुणी करत नाही. तीन वर्षं झाली, तिने सुई धरलेली नाही. मला म्हणाली, डोळे गेले माझे. डोळे नाही गेले, डॉक्टर. परवा वाटाणे सोलताना शेंग उघडेना तिला. मी बघतोय हे कळलं तर परात घेऊन आत गेली." मग उठले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, "मी आलो होतो हे तिला सांगू नका. चिडेल."

मास्तर, पाच वर्षं मी शब्द पाळला. आज मोडतो आहे. घरी गेल्यावर तुमचं काय होईल, त्याला मी जबाबदार नाही.

मी कामावर रुजू झालो त्या दिवशी जुन्या नोंदवह्या काढल्या. त्याच, निबंधाच्या. आमच्याकडे रीत अशी की जो दाबतो तोच नोंद लिहितो. नावाचा रकाना वहीत नाही, कारण चार माणसांच्या लॅबमध्ये अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. मीच ओळखलं नव्हतं, कारण मला त्यातले फक्त आकडे हवे होते. आता अक्षरावरून मोजायला बसलो. एकशे बारांपैकी सत्त्याण्णव नोंदी ताईंच्या. त्यातल्या पंच्याण्णव यशस्वी, दोन अपयशी. उरलेले पंधरा रुग्ण ताई रजेवर असतानाचे, इतरांनी दाबलेले. तीन त्यातले मी दाबलेले. पंधरांपैकी नऊ बरे झाले, सहा सरांनी कापले. माझे तिन्ही त्या सहांत आहेत.

म्हणजे काय झालं? दाबण्याची पद्धत साठ टक्के, इंजेक्शन सत्त्याण्णव टक्के आणि आमच्या ताई अठ्ठ्याण्णव टक्के. मी दोन उपचारपद्धतींची तुलना केलीच नव्हती. एका बाजूला इंजेक्शन होतं आणि दुसऱ्या बाजूला एक बाई होत्या. त्या जिंकल्या, आणि मी जाहीर केलं की पद्धत चांगली आहे.

टाळ्या नंतर वाजवा. अजून पुढचं आहे.

मी वह्या पुढे चाळल्या. निबंधानंतरच्या सहा वर्षांच्या. पहिल्या वर्षी ताईंचं अक्षर मण्यांसारखं, एका ओळीत सगळी नोंद. दुसऱ्या वर्षी थोडं मोठं. तिसऱ्या वर्षी एका नोंदीला दोन ओळी. चौथ्या वर्षी शाई जाऊन अचानक जाड पेन्सिल आली. ती पाहिली आणि मला आठवलं. कापडावर खुणा करायची मास्तरांची ती जाड पेन्सिल. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर ताईंना म्हणालो होतो, "ताई, सरकारी कागद आहे हा. पेन्सिलने लिहिलेलं पुसता येतं. इतक्या वर्षांनी हेही सांगायला हवं का?" त्या म्हणाल्या होत्या, "बरं, सर." बारीक पेन त्यांच्या बोटांत धरवत नव्हतं, म्हणून जाड पेन्सिल घेतली होती. पुढच्या पानापासून पुन्हा शाई आहे. आठवड्याभरात मी त्यांच्या खिशात एक पेन पाहिलं होतं, पट्टी गुंडाळून गुंडाळून अंगठ्याएवढं जाड केलेलं. मी हसून विचारलं होतं, "पेनाला फ्रॅक्चर झालंय का?" तेव्हा त्याही हसल्या होत्या.

सहाव्या वर्षी अक्षर डावीकडे कललेलं आहे. त्या डाव्या हाताने लिहीत होत्या. मी प्रत्येक पानाखाली सही केली आहे. माझी सही मात्र सहाही वर्षं एकसारखी, झोकदार.

नऊ रकान्यांचा तक्ता करणाऱ्या माणसाला दहावा रकाना सुचला नाही. दाबणाऱ्याच्या हाताचं काय होतं? आणि गंमत बघा, त्या रकान्यातली माहिती कुणी लपवली नव्हती. ती प्रत्येक पानावर होती, मी तिच्यावर सही करत होतो.

महिन्याभरात इंजेक्शन आलं. पहिलं इंजेक्शन मी दिलं, ताईंनी डाव्या हाताने प्रोब धरला. सुईचं टोक फुग्यात दिसलं, मी थेंब-थेंब औषध सोडलं. पडद्यावरचं लाल-निळं फिरणं मंदावलं आणि थांबलं. ताईंनी घड्याळाकडे बघितलं. सहा सेकंद झाले होते. रुग्ण होत्या एक आजी, त्या म्हणाल्या, "कधी सुरू करताय?"

ताई म्हणाल्या, "झालं?"

"झालं, ताई."

"एवढंच?"

मी मान हलवली. त्या आजींच्या पायापाशी गेल्या, पावलावरची नाडी बघितली, पाऊल गरम आहे ना बघितलं, पांघरूण नीट केलं. मग बाहेर जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. मी पाठोपाठ गेलो. मला वाटलं रडत असतील. त्या उजवा हात मांडीवर उपडा ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, हे सहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं. माझ्यामुळे नाही आलं."

त्या म्हणाल्या, "आजींना दुखलं नाही, सर. बघितलंत ना? अजिबात दुखलं नाही."

मला त्यांनी तेव्हा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हाताच्या डॉक्टरांना दाखवलं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला, स्नायूंचे दोरे सुजलेले. औषधं झाली, पट्टा झाला. त्यांनी सांगितलं, दोन-तीन वर्षं आधी आल्या असत्या तर बरंच करता आलं असतं. त्यानंतर ताईंनी पाच वर्षं डाव्या हाताने काम काढलं, आमच्या विभागातल्या नव्या मुलींना शिकवलं. या पोरी आता इंजेक्शन झालं की आधी पडदा बघत नाहीत, आधी रुग्णाच्या पावलाला हात लावतात. हे त्यांनी पुस्तकातून घेतलेलं नाही. एकीने ताईंना विचारलं होतं की खरं सांगा, दाबणं चांगलं की इंजेक्शन? ताई म्हणाल्या, "ज्याने माणूस लवकर घरी जातो ते. यात भांडण्यासारखं काय आहे?" माझ्या निबंधाला अकरा पानं लागली होती.

आता डावा हातही कुरकुरायला लागला, म्हणून ताई तीन वर्षं आधी निवृत्त होत आहेत. त्यांचा अर्ज माझ्या सहीसाठी आला. त्यात 'निवृत्तीचे कारण' या पुढे लिहिलंय, 'वैयक्तिक'. डाव्या हाताने लिहिलंय, पण सुवाच्य आहे.

मॅडम, मी वर्षानुवर्षं ताईंनी लिहिलेल्या प्रत्येक कागदावर न वाचता सही केली. या कागदावर वाचून सही नाकारली आहे. कारण वैयक्तिक नाही. ते कारण या लॅबमध्ये घडलं आहे, कामात घडलं आहे आणि त्यातला मोठा वाटा माझ्या निबंधाचा आहे. मी ते खोडून तिथे तसं लिहिलं आहे आणि कागद आपल्याकडे पाठवला आहे. आपण तो तसाच मंजूर करावा, अशी या भरल्या सभेत विनंती करतो. मॅडम मान हलवताहेत. होय म्हणून हलवताहेत ना? सर, तुम्ही जवळ आहात, बघून सांगा. होय म्हणतात! आता वाजवा टाळ्या.

त्या निबंधाची दुरुस्तीही मी लिहून पाठवली आहे. त्यात दहा रकाने आहेत आणि लेखकांत पहिलं नाव ताईंचं आहे. छापायचं की नाही ते संपादक ठरवतील. छापलं नाही तर मी प्रती काढून परिषदेच्या दारात उभा राहून वाटेन. टायपिंगच्या चुका या वेळी माझ्या मीच काढल्या, त्यामुळे काही राहिल्या असतील.

ताई, तुम्ही मघापासून पदराआडून मला 'पुरे' अशी खूण करताय, ती मला दिसते आहे. तुम्ही मला कधी 'पुरे' म्हणू दिलं होतंत का? मला तुमच्याबद्दल जे वाटतं ते मोठ्या बहिणीबद्दल वाटतं तसं आहे, आणि ते सांगायला मी तुमच्या निरोपापर्यंत थांबलो, हाही माझा वेंधळेपणाच.

आता आवरतो. कार्यक्रमासाठी खुर्च्या उचलून आणणाऱ्या मामांचे, फुलं आणणाऱ्या सिस्टरांचे, आपली ओपीडी लवकर संपवून आलेल्या सरांचे आणि मला दुसरी फेरी घेऊ देणाऱ्या मॅडमचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. ताईंकडे मात्र मी बोलण्यातल्या चुकीची माफी मागत नाही. ताई, मी तुमच्या हाताकडे बघितलं नाही. त्याची मागतो.

मॅडम आता ताईंना मानचिन्ह देतील. ते लाकडी चौकटीत आहे, काच आहे, मी आणताना उचलून पाहिलं, चांगलं वजनदार आहे. फोटो काढणाऱ्यांनी वेळ लावायचा तेवढा लावा, घाई नाही. ताई, तुम्ही हात पुढे करू नका. मी धरतो. तुम्ही फक्त समोरच्या घड्याळाकडे बघा.